नमुना करारनामे आणि त्यांचे मार्गदर्शक : घर-दुकानाच्या करारांविषयीच्या मराठी लेखनाची चिकित्सा

विषयप्रवेश

मराठी समीक्षेने ललित वाङ्मयाबाहेरील लेखनाकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही, ही तक्रार जुनीच आहे. वैचारिक निबंध, चरित्र, प्रवासवर्णन यांना अधूनमधून न्याय मिळतो. परंतु जे लेखन सामान्य माणूस सर्वांत गंभीरपणे, म्हणजे अनामत रक्कम खिशात घेऊन, वाचतो त्या कायदेविषयक मार्गदर्शनपर लेखनाची चिकित्सा जवळजवळ होतच नाही. न्यायालयांच्या आवारात मिळणारी ‘नमुना दस्तऐवजां’ची पुस्तके, वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांतील प्रश्नोत्तरांची सदरे, गृहनिर्माण संस्थांसाठीच्या पुस्तिका, कायदेविषयक साक्षरता शिबिरांत वाटली जाणारी पत्रके असा या लेखनाचा मोठा विस्तार आहे. विधी महाविद्यालयांच्या दृष्टीने ते फार प्राथमिक आणि मराठी विभागांच्या दृष्टीने ते वाङ्मयच नव्हे. त्यामुळे ते दोन्हींच्या मधल्या जागेत पडून राहते.

प्रस्तुत लेखात या लेखनातील एका मर्यादित भागाचा, म्हणजे घर भाड्याने देणे, दुकानाचा गाळा वापरास देणे आणि छोट्या धंद्यातील भागीदारी यांविषयीच्या नमुन्यांचा आणि त्यांवरील भाष्याचा, विचार करावयाचा आहे. एखाद्या विशिष्ट पुस्तकाचे परीक्षण येथे अभिप्रेत नाही. कारण ही पुस्तके एकमेकांपासून इतकी उचललेली असतात की एकाचा दोष हा सर्वांचाच असतो. आक्षेप एकच आहे. हे लेखन वाचकाला कलम देते, कलमाचे कारण देत नाही. आणि महाराष्ट्रातील भाडेविषयक कायदा असा आहे की त्यात कारण न कळता केलेली सही पुढे मागे घेता येत नाही.

दोन भाषांचा सांधा

जुन्या मराठी दस्तऐवजांची भाषा ओबडधोबड असली तरी तिला एक बोलणारा माणूस होता. ‘लिहून घेणार’ अमुक, ‘लिहून देणार’ तमुक, ‘कारणे लिहून देतो की’ अशी सुरुवात, पुढे मिळकतीचे वर्णन, चतुःसीमा, मोबदला आणि शेवटी साक्षीदार. कोण कोणाला काय देतो हे त्या वाक्यरचनेतूनच स्पष्ट होत असे. कबुलायत, भाडेचिठ्ठी, विसारपावती, साठेखत, खरेदीखत या शब्दांना व्यवहारात ठाम अर्थ होते आणि पुष्कळ अंशी आजही आहेत. साठेखत म्हणजे विकण्याचा करार आणि खरेदीखत म्हणजे प्रत्यक्ष विक्री, हा भेद खेड्यातील शेतकऱ्यालाही ठाऊक असतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ चा आशयही तोच आहे.

भाड्याच्या करारात मात्र ही भाषा तुटली. आज प्रचलित असलेला ‘संमती व परवाना करार’ किंवा ‘लिव्ह अँड लायसन्स’ हा मराठीत इंग्रजी मसुद्याच्या पोटातून आला. त्याला मराठी नाव देण्याचे प्रयत्न झाले, पण व्यवहाराने ते स्वीकारले नाहीत. नोंदणी विभागाच्या सूची क्रमांक दोनमध्येही दस्ताचा प्रकार इंग्रजी शब्दांनीच, देवनागरीत, छापला जातो. यात भाषाभिमानाचा मुद्दा मी मांडीत नाही. मुद्दा असा की ‘परवाना’ हा शब्द मराठी माणसाच्या कानाला बंदुकीचा, दारूच्या दुकानाचा किंवा वाहन चालविण्याचा असतो. राहत्या घराचा नसतो. दोन खोल्यांत बायकामुलांसह राहणारा माणूस स्वतःला ‘परवानाधारक’ म्हणवत नाही. शेजारी त्याला भाडेकरू म्हणतात, मालकही बोलताना ‘आमचे भाडेकरू’ असेच म्हणतो आणि महिन्याच्या पाच तारखेला जे दिले जाते त्याला दोघेही ‘भाडे’च म्हणतात. केवळ कागदावर ते ‘परवाना शुल्क’ असते.

बोलण्यातील आणि कागदावरील शब्दांत ही जी फट आहे तिच्यावरच सगळा कायदा उभा आहे, आणि मार्गदर्शक पुस्तके ही फट दाखवून देत नाहीत. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०५ नुसार भाडेपट्टा म्हणजे स्थावर मिळकतीच्या उपभोगाच्या हक्काचे हस्तांतरण. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ नुसार परवाना म्हणजे दुसऱ्याच्या मिळकतीत अशी गोष्ट करण्याची मुभा, जी त्या मुभेअभावी बेकायदा ठरली असती. या मुभेने मिळकतीत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. पहिल्यात काहीतरी दिले जाते, दुसऱ्यात केवळ खपवून घेतले जाते. घर शोधणाऱ्या वाचकाला हा फरक इतक्या साध्या शब्दांत सांगणे अवघड नव्हते.

किल्लीचे कलम

नमुन्यांतील एका ठराविक कलमाकडे थोडे बारकाईने पाहू. जागेचा कायदेशीर ताबा सदैव मालकाकडेच राहील, परवानाधारकास केवळ वापराची मुभा असेल, जागेची एक किल्ली मालकाकडे राहील आणि त्याला कोणत्याही वाजवी वेळी जागेत येता येईल, अशा आशयाचा मजकूर त्यात असतो. वाचकाला हे कलम घराच्या सुरक्षिततेसाठी, नळ फुटल्यास किंवा आग लागल्यास उपयोगी पडावे म्हणून घातले आहे असे वाटते. टीपा देणारी पुस्तकेही ‘मालकाने एक किल्ली अवश्य ठेवून घ्यावी’ एवढेच सांगून पुढे जातात.

वस्तुतः या किल्लीचा नळाशी संबंध नाही. तिचा संबंध आहे अनन्य ताब्याच्या कसोटीशी. असोसिएटेड हॉटेल्स ऑफ इंडिया विरुद्ध आर. एन. कपूर या १९५९ च्या खटल्यात दिल्लीतील इंपीरियल हॉटेलच्या काही खोल्यांत केशकर्तनाचा व्यवसाय करणाऱ्या गृहस्थाचा करार ‘परवाना’ या नावाने झालेला होता. सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न आला की नाव महत्त्वाचे की व्यवहार. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी जे तत्त्व मांडले ते पुढे सतत उद्धृत होत राहिले : दस्ताच्या रूपापेक्षा त्याचे सार पाहावे, पक्षकारांचा खरा हेतू शोधावा आणि ज्याला जागेचा अनन्य ताबा मिळाला तो प्रथमदर्शनी भाडेकरू समजावा, मात्र विपरीत परिस्थिती दिसल्यास तसे समजू नये. तो करार भाडेपट्टा ठरला. उलट १९६४ मधील क्लबवाला विरुद्ध फिदा हुसेन या खटल्यात मद्रास येथील खाजगी मंडईतील गाळेधारक परवानाधारक ठरले. मंडईची दारे उघडणे-लावणे, साफसफाई, देखरेख ही सारी मालकांकडे होती. दारे बंद झाल्यावर गाळेधारकांना आत जाता येत नव्हते.

हे दोन निर्णय शेजारी ठेवले की किल्लीच्या कलमाचा जन्म कळतो. मंडईच्या दाराची किल्ली खरोखरच मालकाकडे होती व तो ती रोज वापरीत होता. तीच किल्ली नमुन्याच्या लेखकाने तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेच्या करारात शब्दरूपाने आणून ठेवली. तिथे ती कोणी कधी वापरीत नाही. बहुतेक वेळा ती दिलीही जात नाही. ती भविष्यातील न्यायाधीशासाठी लिहिलेली असते. इंग्लंडमधील हाउस ऑफ लॉर्ड्सने १९८५ साली स्ट्रीट विरुद्ध माउंटफोर्ड या खटल्यात अशाच शब्दयोजनेचा समाचार घेतला होता : अवजार जे बनवले आहे ते आहे, बनवणाऱ्याने त्याला दुसऱ्या अवजाराचे नाव दिल्याने ते बदलत नाही. आपल्याकडेही तत्त्व तेच होते. मग नमुन्यांच्या लेखकांनी नावावर इतका भर का दिला, याचे उत्तर महाराष्ट्राच्या भाडेकायद्याच्या इतिहासात आहे.

भीतीचा इतिहास

मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण अधिनियम, १९४७ हा युद्धोत्तर टंचाईच्या काळातील तात्पुरता कायदा होता. त्याला वेळोवेळी मुदतवाढ मिळत गेली. प्रमाणित भाड्याचा पाया १ सप्टेंबर १९४० हा दिवस होता. म्हणजे जुन्या चाळीतील खोलीचे भाडे त्या दिवसाच्या आसपास गोठले. भाडेकरूला हक्क आणि मालकाला नाममात्र उत्पन्न असे समीकरण झाल्यावर नवी जागा भाड्याने देण्यास कोणी तयार होईना. यातून दोन वाटा निघाल्या. एक पागडीची, जी कायद्याला मान्य नव्हती. दुसरी परवान्याची, जी कायद्याच्या संरक्षणाबाहेर होती.

१९७३ मध्ये विधिमंडळाने दुसरी वाट एका फटक्यात बंद केली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्याखाली किमान एका खोलीइतकी जागा ज्याच्या ताब्यात होती तो मालकाचा भाडेकरू मानला जाईल, असे कलम १५-अ मूळ अधिनियमात घातले गेले. रात्री परवानाधारक म्हणून झोपलेला मनुष्य सकाळी संरक्षित भाडेकरू म्हणून उठला. त्या वेळी ते न्याय्य होते की नव्हते हा वेगळा प्रश्न आहे. माझ्या मते टंचाई पाहता ते समजण्यासारखे होते. पण मराठी करारलेखनावर त्या तारखेचा जो परिणाम झाला तो आजतागायत टिकून आहे. मालक कागदावर विश्वास ठेवेनासा झाला आणि म्हणून कागदात अधिकाधिक शब्द भरू लागला. ‘कोणताही हक्क, हितसंबंध, कब्जा, भाडेकरूपण, पोटभाडेकरूपण निर्माण होणार नाही’ अशा नकारांच्या माळा या काळात लांबत गेल्या. एका भीतीने त्या लिहिल्या. पुढच्या पिढीच्या लेखकांनी भीती विसरून माळा तेवढ्या उतरवून घेतल्या.

डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेले प्रमाणित भाडे काळाच्या ओघात अवाजवी आणि मनमानी झाले असल्याचे मत नोंदविले, मात्र नवा कायदा अपेक्षित असल्याने त्या तरतुदी रद्द केल्या नाहीत. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. मुंबई, विदर्भ आणि मराठवाडा येथील तीन वेगवेगळे कायदे जाऊन राज्याला एक कायदा मिळाला. त्याच कायद्याने कलम ५६ अन्वये पागडीच्या देवघेवीवरील जुना निषेध उठवला. मार्गदर्शनपर लेखनाच्या दृष्टीने मात्र त्यातील दोन कलमे सर्वांत महत्त्वाची आहेत, २४ आणि ५५. आणि त्यांपैकी एकच पुस्तकांत ठळकपणे येते.

निर्णायक पुरावा

कलम २४ असे सांगते की राहण्यासाठी परवान्यावर दिलेली जागा मुदत संपताच परवानाधारकाने सोडावी. न सोडल्यास मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे जावे आणि ताबा मिळेपर्यंत ठरलेल्या शुल्काच्या दुपटीने नुकसानभरपाई घ्यावी. त्याला जोडलेले स्पष्टीकरण अधिक गंभीर आहे : लेखी परवाना करार हा त्यात नमूद केलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा समजला जाईल. याचा अर्थ, १९५९ साली ज्या तत्त्वाने नावामागचा व्यवहार पाहिला जात होता, त्या तत्त्वाला राहत्या घराच्या बाबतीत महाराष्ट्रात फारच थोडी जागा उरली. जे लिहिले ते झाले. किल्ली प्रत्यक्षात दिली नव्हती हे सांगण्याचा मार्ग कागदानेच अरुंद करून टाकला.

कार्यपद्धतीही तितकीच घट्ट आहे. समन्स बजावल्यापासून तीस दिवसांच्या आत शपथपत्र दाखल करून बचावाची परवानगी मिळवली नाही तर मालकाचे म्हणणे मान्य असल्याचे धरले जाते. ही तीस दिवसांची मुदत मालकासाठी लिहिलेल्या मजकुरात ‘जलद निकाल’ या शीर्षकाखाली येते. त्याच पुस्तकात परवानाधारकासाठी एखादे प्रकरण असेल तर तेथे ती येईल अशी अपेक्षा करावी. परंतु असे प्रकरणच सहसा नसते. हे लेखन मालकाच्या खुर्चीत बसून लिहिलेले आहे. ‘आपण आपली जागा देताना कोणती काळजी घ्याल’ हा त्याचा स्थायी प्रश्न. सदरांतील पत्रलेखक बहुधा मालक किंवा संस्थेचे पदाधिकारी असतात हे खरे. पण वाचक दोन्ही बाजूंचे असतात, आणि शहरात नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला, परिचारिकेला किंवा बदलीवर आलेल्या प्राध्यापकाला कोणी तरी सांगायला हवे की या कागदावर सही करताना तो आपल्या राहण्याचे स्वरूप कायमचे ठरवून देत आहे.

आता कलम ५५. परवान्याचा असो वा भाड्याचा, प्रत्येक करार लेखी असलाच पाहिजे व नोंदविला गेलाच पाहिजे. नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत. आणि कसूर करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कलम २४ ने मालकाच्या हाती दिलेल्या शस्त्राचा हा समतोल आहे. नमुन्यांच्या पुस्तकांत नोंदणीचा उल्लेख ‘पुढील कटकट टाळण्यासाठी’ अशा सल्ल्याच्या सुरात येतो. कायद्याचा सूर सल्ल्याचा नाही, आदेशाचा आहे. हा फरक व्याकरणाचा आहे : ‘करावी’ आणि ‘केलीच पाहिजे’. अनुवाद करताना ‘च’ गळला की शिक्षा गळते.

अकरा महिने

या संदर्भात अकरा महिन्यांच्या समजुतीचा स्वतंत्र विचार आवश्यक आहे, कारण मराठी मध्यमवर्गाच्या कायदेज्ञानात तिच्याइतकी दृढ गोष्ट दुसरी नसेल. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०७ नुसार वर्षानुवर्षांचा किंवा एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृत दस्तानेच करता येतो. नोंदणी अधिनियम, १९०८ चे कलम १७ त्याला जुळणारे आहे. म्हणून वर्षाच्या आतली मुदत घालून नोंदणी व तिचा खर्च टाळण्याची युक्ती निघाली आणि देशभर पसरली. युक्तीचा संबंध केवळ नोंदणीशी होता. लोकांत मात्र ती ‘अकरा महिन्यांपेक्षा जास्त राहिला तर हक्क लागतो’ अशी रूढ झाली.

यात दोन घोटाळे आहेत. कलम १०७ भाडेपट्ट्याविषयी आहे. परवाना हे हस्तांतरणच नसल्याने त्याला ते लागू नव्हते. तेव्हा ‘हा भाडेपट्टा नसून परवाना आहे’ असे ठासून सांगणारा आणि त्याच वेळी भाडेपट्ट्याची नोंदणी चुकविण्यासाठी अकरा महिने लिहिणारा करार स्वतःलाच खोटे पाडतो. दुसरे असे की ३१ मार्च २००० नंतर महाराष्ट्रात मुदतीचा प्रश्नच उरला नाही. एका महिन्याचा करारही नोंदवावा लागतो. मुद्रांकाच्या अनुच्छेद ३६-अ खाली साठ महिन्यांपर्यंतच्या परवान्याला एकूण मोबदल्याच्या ०.२५ टक्के इतकेच शुल्क पडते, म्हणजे बचतीचे कारणही पुष्कळसे गेले. ई-नोंदणीमुळे तर निबंधकाच्या कार्यालयाची पायरीही चढावी लागत नाही. शासनाच्या संगणक प्रणालीतून ठरीव कलमांचा मसुदा निघतो आणि घरी येऊन अंगठ्याचे ठसे घेतले जातात. तरीही मुदत अकरा महिन्यांचीच घातली जाते. दरवर्षी नवा करार, नवे शुल्क, दलालाची नवी दलाली. एखादी समजूत निरुपयोगी झाल्यावरही ज्यांना ती उपयोगी असते ते तिला जगवतात.

याच मुद्रांकाच्या हिशेबात आणखी एक उद्बोधक विसंगती आहे. करारात अनामत रक्कम ‘बिनव्याजी’ असते. परंतु शुल्क आकारताना शासन त्या अनामतीवर वार्षिक दहा टक्के दराने व्याज कल्पून ते मोबदल्यात धरते. म्हणजे परवानाधारक जे व्याज सोडून देतो ती मालकाला दिलेली किंमत आहे, हे शासनाच्या लक्षात आलेले आहे. मोठी अनामत आणि भाडे शून्य, या ‘हेवी डिपॉझिट’च्या पद्धतीविषयी लिहिताना मात्र मार्गदर्शक तिला सोय म्हणतात. ती रक्कम परत मिळण्याला मालकाच्या शब्दाखेरीज कोणते तारण असते, हा प्रश्न तेथे विचारलेला मला आढळला नाही.

दुकान आणि त्याची तीन नावे

घराकडून दुकानाकडे वळले की चित्र अधिक गुंतागुंतीचे होते, आणि मार्गदर्शन अधिक विरळ. सर्वप्रथम, कलम २४ राहण्याच्या जागेपुरते आहे. गाळ्याच्या परवाना करारात त्याचा उल्लेख कोणी केला तर तो निरर्थक आहे. ताब्यासाठी मालकाला नेहमीच्या न्यायालयीन मार्गाने, मुंबईत लघुवाद न्यायालयात, जावे लागते. घराचा नमुना घेऊन त्यात ‘सदनिका’ खोडून ‘गाळा’ लिहिल्याने काम भागत नाही ते यामुळे.

जुन्या भाड्याच्या दुकानात दुसऱ्याला धंदा करू द्यायचा, पण पोटभाडेकरू ठेवल्याचा ठपका येऊ द्यायचा नाही, अशा वेळी व्यवहाराने तीन नावे शोधली : परवाना, भागीदारी आणि ‘कंडक्टिंग’. या तिसऱ्याचे मूळ पुन्हा एका व्याख्येत आहे. कायद्यातील परवानाधारकाच्या व्याख्येतून काही माणसे वगळलेली आहेत; पेईंग गेस्ट, नोकर आणि ‘परवानादात्याचा चालू धंदा चालविणारा मनुष्य’ ही त्यांपैकी. म्हणून धंदा चालवायला देण्याच्या करारात ‘सदर धंदा हा मालकाच्या मालकीचा चालू धंदा असून’ हे शब्द येतातच येतात. प्रत्यक्षात धंद्याचे भांडवल, माल, गिऱ्हाईक आणि नोकर सगळे चालवणाऱ्याचे असतात; मालकाची असते ती जागा आणि बहुधा दुकानपरवान्यावरील नाव. उपाहारगृहे, लाँड्र्या, पीठगिरण्या अशा कितीतरी ठिकाणी वर्षानुवर्षे कष्टून नाव कमावलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी लिहून दिलेले असते की यातले काहीही माझे नाही. त्याला नमुना देणाऱ्या पुस्तकाने या वाक्याखाली एक ओळीची टीप दिली असती तर त्याने निदान भाव तरी वेगळा केला असता.

भागीदारीचीही तीच कथा. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ चे कलम ६ सांगते की भागीदारी आहे की नाही हे पक्षांमधील खऱ्या संबंधावरून ठरवायचे. नफ्यात वाटा मिळतो एवढ्यावरून नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने परविंदर सिंग विरुद्ध रेणू गौतम या २००४ च्या निर्णयात भागीदारीच्या पडद्याआड पोटभाड्याचा व्यवहार असल्यास तो पडदा बाजूला करता येतो हे स्पष्ट केले. येथे ‘निर्णायक पुरावा’ नाही, त्यामुळे सार पाहिले जाते. आणि सार पोटभाड्याचे निघाले तर जागा जाते ती दोघांचीही. मूळ भाडेकरूची हक्काने आणि चालवणाऱ्याची पोटाने.

नोंदणी न केलेल्या भागीदारीविषयी जुन्या पुस्तकांवर विसंबणे तर धोक्याचे आहे. कलम ६९ नुसार अशा संस्थेला त्रयस्थावर करारातून निघणारा दावा करता येत नाही. मात्र संस्था विसर्जित करण्यासाठी किंवा हिशेबासाठी दावा करण्याची मुभा मूळ कायद्यात आहे. महाराष्ट्राने १९८४ च्या दुरुस्तीने, कलम ६९ (२-अ) घालून, ही मुभाही बहुतांशी काढून घेतली होती. ती दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये व्ही. सुब्रमण्यम विरुद्ध राजेश रघुवंद्र राव या खटल्यात घटनाबाह्य ठरविली. त्यापूर्वीच्या आवृत्तीवरून सल्ला घेणारा भागीदार आजही असे समजेल की नोंदणी नसल्याने आपला हिशेबाचा हक्क बुडाला. करार अधिनियमाच्या कलम २७ चे तसेच : ‘भागीदारी सोडल्यावर पाच वर्षे याच गावात हा धंदा करणार नाही’ हे वाक्य नमुन्यांत बिनदिक्कत असते, पण धंद्यास प्रतिबंध करणारा करार सर्वसाधारणपणे रद्दबातल असून नावलौकिकाची विक्री आणि भागीदारी कायद्यातील वाजवी मर्यादांची कलमे हे त्याचे अपवाद आहेत. कोणते वाक्य बंधनकारक आणि कोणते नुसते धाक घालणारे, हे सांगणे म्हणजेच मार्गदर्शन.

प्रदेशाची मर्यादा

पुण्या-मुंबईत छापलेले मराठी पुस्तक गोव्यातही वाचले जाते. तेथे महाराष्ट्राचा १९९९ चा अधिनियम नाही. इमारतींच्या भाड्यासाठी १९६८ चा स्वतंत्र कायदा आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या वारशाने विवाहितांची मालमत्ता सामान्यतः दोघांची मानली जात असल्याने घर विकताना पती-पत्नी दोघांच्या सह्यांचा प्रश्न येतो. ‘महाराष्ट्रातील करारांसाठी’ एवढे शब्द मुखपृष्ठावर घालणे कोणत्याही प्रकाशकाला अवघड नसावे. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू अधिनियमाविषयीही असाच गैरसमज होतो. तो राज्याने स्वीकारल्याखेरीज लागू होत नाही.

अपेक्षा कशाची

या लेखनाच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. वकिलाकडे जाणे ज्याला परवडत नाही त्याला या पुस्तकांनी निदान लेखी कागदाची सवय लावली. तोंडी व्यवहाराच्या तुलनेत ही प्रगतीच होय. त्यांच्या लेखकांपैकी अनेकांनी इंग्रजी कायदा मराठीत आणण्याचे श्रम विनामोल घेतले आहेत. माझा आक्षेप त्यांच्या हेतूवर नाही. त्यांनी निवडलेल्या वाङ्मयप्रकारावर आहे. ‘नमुना’ हा प्रकारच प्रश्न विचारू देत नाही. रिकाम्या जागा भरायच्या असतात, वाक्ये तपासायची नसतात. आमच्या ‘व्यावहारिक मराठी’च्या वर्गांतही अर्ज, इतिवृत्त आणि जाहिरात शिकविली जाते, करारनामा क्वचितच. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी करार अधिनियम इंग्रजी संज्ञांत पाठ करतो आणि स्वतःच्या खोलीचा करार न वाचता सही करून वसतिगृहातून बाहेर पडतो.

नमुना ठेवूनही त्याची रचना बदलता येईल. प्रत्येक कलमाखाली दोन ओळी असाव्यात : हे कोणाच्या हिताचे आहे आणि हे नसते तर काय झाले असते. किल्लीच्या कलमाखाली असे लिहिता येईल : ‘या वाक्याने आपण या जागेचे भाडेकरू नाही हे कबूल करता. जागा राहण्याची असेल तर पुढे हे नाकारणे जवळजवळ अशक्य आहे.’ अनामतीच्या कलमाखाली : ‘ही रक्कम परत करण्याची तारीख आणि उशीर झाल्यास द्यावयाचे व्याज येथे लिहून घ्या, न लिहिल्यास जागा सोडल्यावर रकमेसाठी आपल्यालाच दावा करावा लागेल.’ धंदा चालविण्याच्या कराराखाली : ‘माल व भांडवल कोणाचे, याची यादी सोबत जोडा आणि तिच्यावर दोघांच्या सह्या घ्या.’ अशा टीपा घातल्या तर पुस्तकाची पाने वाढतील आणि काही मालक ते विकत घेणार नाहीत.